घरी बांधलेल्या ट्रॉलीला नंबर मिळेल का?

वाळवा तालुक्यातून एका शेतकऱ्याचं पत्र आलं आहे. जरा आवरून देतो.

"सर, नमस्कार. धाकट्या मुलानं आयटीआयचा वेल्डरचा कोर्स केलाय. गेल्या उन्हाळ्यात त्यानं दारातच दोन चाकी ट्रॉली बांधली. चॅनेल, अँगल, पत्रा सांगलीहून नवीन आणला. ॲक्सल, हब आणि पाटे मात्र जुन्या बाजारातले. तयार ट्रॉलीच्या निम्म्या पैशात काम झालं. साखर कारखान्याचा वाहतूक करार करायला आरसीची झेरॉक्स लागते, म्हणून पासिंगला गेलो. तिथं विचारतात, ट्रॉलीचा उत्पादक कोण? 'आम्हीच' म्हटलं तर हसतात. विमा काढायला गेलो तर म्हणतात आधी सेल सर्टिफिकेट आणा. सेल सर्टिफिकेट कोण देणार, विकलीय कुणी? एजंट म्हणतो, पैसे सोडा, एका फॅब्रिकेटरचं बिल लावून देतो. नाहीतर भंगारात गेलेल्या ट्रॉलीचं आरसी बुक मिळवून देतो, त्यातला नंबर ठोकून घ्या. मेहुण्याचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याच्या शेजाऱ्यानं घरी ट्रेलर बांधला आणि सामानाच्या पावत्या दाखवून नंबर घेतला. मग आम्हीच काय पाप केलंय? हंगाम तोंडावर आलाय आणि ट्रॉली दारात उभी आहे. काय करू?

ता. क. मुलाकडं ट्रॅक्टरचा परवाना आहे. ट्रॉली जोडली की वेगळा परवाना लागतो असं गावात म्हणतात. खरं का?"

दादा, तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. दांडी जिथं चॅनेलला मिळते तिथं दोन्ही बाजूंनी पट्टी देऊन जोड भरलाय, वेल्डिंगची रेघ कुठं तुटलेली नाही, मागचा फाळका बिजागरीवर सरळ बसलाय आणि त्याच्या खिट्ट्यांना साखळीही आहे. पोराच्या हातात कला आहे यात शंका नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून तुम्ही त्याच्यावर डाफराल. डाफरू नका.

ही ट्रॉली, आज आहे तशी, तुमच्या नावावर पास होणार नाही. खिडकी बदलून होणार नाही, साहेब बदलून होणार नाही आणि सरळ मार्गानं एजंटकडूनही होणार नाही. तुमच्यापैकी कुणाला हे आधी कुणी सांगितलं नाही, ही खरी अडचण. बरेच जण ट्रॉली रंगवून, मागं देवाचं नाव घालून, हार घालून मगच चौकशीला जातात.

अडतं कुठं ते सांगतो. इंजिन नाही तर ते वाहन कसलं, असं आपल्याला वाटतं. पण मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर धरलेला आहे. म्हणजे ट्रॅक्टरची नोंदणी वेगळी आणि ट्रॉलीची वेगळी. ट्रॅक्टरचं आरसी बुक दाखवून ट्रॉलीचं काम भागत नाही. आता नोंदणीला कागद कुठले लागतात ते केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 47 मध्ये दिलंय. नमुना 20 मधला अर्ज तुम्ही भरायचा. नमुना 21, म्हणजे सेल सर्टिफिकेट, विकणाऱ्यानं द्यायचं. नमुना 22, म्हणजे हे वाहन नियमाप्रमाणे बनलंय आणि रस्त्यावर चालवण्याजोगं आहे असा दाखला, बनवणाऱ्यानं द्यायचा. शिवाय विमा आणि पत्त्याचा पुरावा. इथवर सगळ्या वाहनांना सारखंच. पण ट्रेलरसाठी त्याच नियमात आणखी एक कागद मागितलाय: ट्रेलरच्या डिझाइनला परिवहन आयुक्तांनी किंवा राज्य शासनानं ठरवलेल्या अधिकाऱ्यांनी दिलेल्या मंजुरीची प्रत. तुमचं सगळं गाडं या कागदावर अडलंय.

ही मंजुरी मिळते मॉडेलला. बनवणाऱ्यानं आधी नकाशे, मापं, ॲक्सल कुठला, टायर कुठले, किती टन वजन घेणार याचे आकडे घेऊन नेमलेल्या चाचणी संस्थेकडं जायचं. नियम 126 मध्ये त्या संस्थांची नावं आहेत. आपल्याला जवळच्या म्हणजे पुण्यातली एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई. ट्रॅक्टर आणि शेती यंत्रांसाठी मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनीला केंद्र आहे. तिथं नमुना तपासला जातो, मंजूर होतो, मग त्याच मापाच्या, त्याच सामानाच्या ट्रॉल्या त्या बनवणाऱ्यानं बांधायच्या आणि प्रत्येकीवर आपला चेसिस नंबर ठोकायचा. मंजूर उत्पादक आणि त्याची मॉडेलं 'वाहन' या संगणक प्रणालीत चढवलेली असतात. खिडकीवरचा माणूस उत्पादक कोण असं विचारत होता ते याच्यासाठी. त्याच्यासमोरच्या यादीतून नाव निवडावं लागतं आणि त्या यादीत तुमच्या पोराचं नाव नाही. हसायला नको होतं हे खरं, पण त्यानं तुम्हाला मुद्दाम अडवलेलं नाही.

थोडक्यात, लोखंड कापायच्या आधी कागद व्हायला हवा होता. घर बांधून, वास्तुशांत उरकून मग नकाशा मंजुरीला न्यावा तसं झालंय. त्यातही घर दंड भरून नियमित करून घ्यायची सोय कधी तरी निघते. ट्रॉलीला तशी सोय नाही.

विम्याचा फेरा याच्यातच आला. नवीन वाहनाचा विमा नंबर पडायच्या आधी चेसिस नंबरवर निघतो. पण तो चेसिस नंबर उत्पादकाच्या बिलावर आणि सेल सर्टिफिकेटवर असावा लागतो, म्हणून विमावाला ते आधी मागतो. तुमच्या ट्रॉलीवर पोरानं उद्या छान पंच मारून नंबर ठोकला तरी त्याच्यामागं कुणी उभं नाही.

मग एकाच ट्रॉलीची चाचणी करून घेता येणार नाही का, असं तुम्ही विचाराल. एका ट्रॉलीसाठी नकाशे, आकडेमोड, संस्थेची फी, ट्रॉली वाहून न्यायचा खर्च, हे कुणी करत नाही आणि करूही नये. त्यात तुमचा ॲक्सल जुन्या बाजारातला. तो कुठल्या गाडीखालून निघाला, किती वर्षं वजन झेलून आला, त्याला कुठं तडा आहे का, याचा एकही कागद तुमच्याकडं नाही. मी तपासणीस असतो तर बाकी सगळं सोडून आधी तिथंच बोट ठेवलं असतं.

अमेरिकेचं म्हणाल तर तुमच्या भाच्यानं खोटं सांगितलेलं नाही. तिकडं बऱ्याच राज्यांत घरी बांधलेल्या ट्रेलरला रस्ता आहे. सामानाच्या पावत्या जपायच्या, हे मीच बांधलं असं लिहून द्यायचं, वजन करून आणायचं, पोलीस किंवा खात्याचा माणूस तपासतो आणि राज्य स्वतः एक नंबर नेमून देतं, तो चौकटीवर पक्का बसवायचा. काही राज्यांत तर हलक्या ट्रेलरला मालकीचा दाखलाही लागत नाही. तिथंही लोक वैतागतात: पावती हरवली, वजनाची चिठ्ठी चुकीची, या टेबलावरून त्या टेबलावर. पण दार उघडं आहे. आपल्याकडं ते दार नाही, आणि असावं असं मला स्वतःला वाटतं, निदान छोट्या, दोन चाकी, स्वतःच्या रानापुरत्या ट्रॉलीसाठी तरी. मात्र एक ध्यानात घ्या. त्या शेजाऱ्याचा ट्रेलर मोटारीमागं गवत कापायचं यंत्र नाहीतर चार फळ्या नेतो. तुमच्या ट्रॉलीत ऊस भरला जाणार, तोही टोळीचा मुकादम 'अजून दोन मोळ्या बसतील' म्हणत भरणार. वजन वेगळं, रस्ता वेगळा आणि मागून येणारा दुचाकीवाला अंधारात येणार.

आता एजंटकडं वळतो, कारण पत्र लिहिताना तुमचं मन अर्धं तिकडं झुकलेलं दिसतं.

त्याचा पहिला उपाय, दुसऱ्या फॅब्रिकेटरचं बिल लावायचं. म्हणजे काय होतं? मंजुरी असलेला कुणीतरी नमुना 21 आणि 22 वर सही करून लिहून देतो की ही ट्रॉली आम्ही बांधली, आमच्या मंजूर मॉडेलप्रमाणे बांधली. खाली नमुना 20 वर तुम्ही सही करता. दोघंही खोटं लिहून देताय, आणि त्यातलं तुमचं नाव घरी आरसी बुकात जन्मभर राहतं. काम होऊन जातं, खोटं नाही सांगत. आरसी हातात पडते, कारखान्यात झेरॉक्स चालते, दोन हंगाम निघतातही. वांधा येतो अपघात झाल्यावर. विमा कंपनीचा माणूस टेप घेऊन येतो. मंजूर मॉडेलची लांबी, रुंदी, ॲक्सलचं माप, टायरचा आकार त्याच्याकडं कागदावर असतो. तुमच्या ट्रॉलीचं माप त्याच्याशी जुळणार नाही, कारण ती त्या नकाशावर बांधलेलीच नाही. बिल देणारा त्या दिवशी फोन उचलेल, अशी आशा ठेवू नका.

दुसरा उपाय आणखी वाईट. भंगारात गेलेल्या ट्रॉलीचं आरसी बुक आणायचं आणि तिचा नंबर आपल्या चॅनेलवर ठोकायचा. हा सरळसरळ फौजदारी गुन्हा आहे, बनावट दस्तऐवजात मोडतो. आणि तो उघडा पडायला फार हुशार माणूसही लागत नाही. चेसिस नंबरचा पेन्सिलनं कागदावर ठसा घेतात, तो अर्जाबरोबर जातो. जुन्या ट्रॉलीचा ठसा आणि तुमचा ठसा शेजारी ठेवले की अक्षरांची ठेवण, अंतर, एखाद्या आकड्याचा तिरकेपणा लगेच दिसतो. त्यात ती जुनी ट्रॉली खरोखर भट्टीत गेली की आणखी कुठल्या तालुक्यात त्याच नंबरावर ऊस ओढतेय, हे तुम्हाला कोण सांगणार?

यावर 'मग जुन्या ट्रॉलीची दुरुस्ती करून घेतात ते काय?' असं कुणीतरी म्हणेलच. दुरुस्ती वेगळी. पास असलेल्या ट्रॉलीचा सडलेला पत्रा बदला, फाळका नवीन करा, पाटे बदला, टायर बदला, कुणी काही म्हणत नाही. पण साठा, म्हणजे ट्रॉलीचा हौदा, लांब करणं, बाजू उंच करणं, दोन चाकांची चार चाकं करणं, हा बदल झाला. कलम 52 प्रमाणे आरसीतली उत्पादकाची मापं बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि 2019 साली केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही हे ठासून सांगितलं. आपल्याकडं हंगामाच्या तोंडावर किती ट्रॉल्यांच्या बाजूंना फूट-दीड फूट पट्टी जोडली जाते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांचं बघून आपलं ठरवू नका.

बिनपासिंगची तशीच रस्त्यावर काढली तर काय होईल? पहिल्यांदा सापडलात तर कलम 192 खाली दोन ते पाच हजारांचा दंड. परत सापडलात तर पाच ते दहा हजार, किंवा वर्षापर्यंत कैदही. विमा नसल्याचा दंड वेगळा. ट्रॉली अटकावून ठेवायचा अधिकार पोलिसांना आणि आरटीओला कलम 207 नं दिलाय, आणि उसानं भरलेली ट्रॉली दोन दिवस आवारात उभी राहिली तर उसाचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. पण मला भीती दंडाची नाही. दंड भरून माणूस सुटतो. ट्रॉलीला मागून कुणी धडकलं, हूक निसटून ट्रॉली उतारावरून गेली, टोळीतलं कुणी चाकाखाली आलं, तर दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढं जातो. तिथल्या भरपाईचे आकडे लाखांत असतात. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून तुम्ही निर्धास्त असाल, तर ऐका: ट्रॉलीचा हप्ता वेगळा असतो आणि ट्रॉली विम्यात नसेल तर कंपनी पहिला मुद्दा तोच काढते. कंपनीनं पैसे भरले तरी ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालय देऊ शकतं. नोंदणी नसलेलं वाहन रस्त्यावर आणणं हा विम्याच्या कराराचा मूलभूत भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये नरिंदर सिंग यांच्या प्रकरणात म्हटलंय. तिथं तर गाडी कंपनीची, रीतसर विकत घेतलेली होती. फक्त तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपली होती. तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा गेला. तुमची तर मुळातच नोंद नाही. आणि वसुली आली की ती सातबाऱ्यापर्यंत येते.

फक्त रानात वापरली तर? हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण मनात असणारच. कलम 39 चे शब्द 'सार्वजनिक ठिकाणी किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी' असे आहेत. कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवारातच वापरायच्या खास बनावटीच्या वाहनांना व्याख्येतून सूट आहे. शेताचं नाव त्यात घेतलेलं नाही. तेव्हा 'रानात खुशाल चालवा' असं मी छापून देणार नाही. व्यवहार असा, की तपासणी रस्त्यावर होते, बांधावर कुणी येत नाही. पण वस्तीपासून रानापर्यंत जो गाडीवाट रस्ता आहे, तो बहुधा सार्वजनिकच असतो, आणि खताची पोती नेताना तोच ओलांडावा लागतो. घरची माणसं साठ्यात बसवून नेऊ नका, एवढं तरी कुणीही विचारलं तरी मी सांगतो, पासिंग असो वा नसो.

एक वाट मात्र पूर्ण कायदेशीर आहे, आणि सांगताना मलाच हसू येतंय. ट्रेलर म्हणजे मोटार वाहनानं ओढायची गाडी. तीच बैलानं ओढली की ती टायरगाडी. दावणीला बैलजोडी असेल तर दांडी काढून जू बसवा, पोरगं अर्ध्या दिवसात करेल, आणि आरटीओचा तुमच्याशी संबंध संपला. कारखान्यांकडं टायरगाडीचे करार अजूनही होतात. बैल विकून ट्रॅक्टर घेतला असेल, तर हा परिच्छेद विसरा.

आता हंगामाचं बघू. घाई असेल तर पास झालेली जुनी ट्रॉली शोधा. हा सगळ्यात जवळचा रस्ता आहे. एमएच 10 ची असो, कराडची एमएच 50 असो की साताऱ्याची एमएच 11, फरक पडत नाही. पण घेताना आरसी बुक आणि ट्रॉली एकमेकांशेजारी ठेवून बघा. चॅनेलवरचा रंग, ग्रीस घासून काढा आणि चेसिस नंबर बोटानं चाचपून वाचा. आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याची खूण, पत्र्याचा तुकडा चिकटवल्यासारखा उंचवटा, नवीनच मारलेला रंग, यातलं काही दिसलं तर इसार देऊ नका, कितीही स्वस्त असो. आरसीची मुदत पाहा. बँकेचा बोजा आहे का पाहा. असेल तर बोजा उतरवायचा नमुना 35 आणि बँकेचं ना हरकत पत्र हातात आल्याशिवाय पुढं जाऊ नका. मग नमुना 29 आणि 30 वर नावावर करून घ्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं चौदा दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. 'बाँडवर लिहून देतो, नंतर बघू' असला व्यवहार ट्रॉलीत फार चालतो. तो करू नका. अपघात झाला की कागदावर ज्याचं नाव त्याच्या दारात पोलीस जातात, आणि मग तो तुमच्याकडं बोट दाखवतो.

नवीन घ्यायची असेल तर फॅब्रिकेटरकडं गेल्या गेल्या भाव विचारू नका. आधी मॉडेलच्या मंजुरीची प्रत मागा. तिच्यावर त्याचंच नाव आहे का, चाचणी कुठल्या संस्थेची, मॉडेलचं नाव काय, साठ्याचं माप काय, भरलेल्या ट्रॉलीचं वजन किती, हे वाचा आणि तो बांधतोय ती ट्रॉली टेपनं मोजा. ट्रेड सर्टिफिकेट आहे का विचारा. अलीकडं पास झालेल्या एखाद्या ट्रॉलीचा नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन ॲपवर टाकून बघा, उत्पादकाच्या रकान्यात त्याचं नाव येतंय का. हे विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडं कागद नाहीत असं खुशाल समजा. पैसे टप्प्यानं द्या आणि मोठा हप्ता नंबर पडेपर्यंत राखून ठेवा. 'पासिंग आमच्याकडं लागलं' हे तोंडी न ठेवता कोटेशनवर लिहून घ्या.

तुमच्या ट्रॉलीतलं सामान तो वळतं करून घेईल का? टायर आणि डिस्क त्याच्या मंजूर मापाचे आणि चांगले असतील तर कदाचित. ॲक्सल घेणार नाही, आणि जो घेईल त्याच्याकडून ट्रॉली घेऊ नका. बाकी साठा काढून विटांच्या चौथऱ्यावर ठेवा, चारा नाहीतर कुट्टी भरायला उत्तम. नवीन चॅनेल, अँगल यांना गिऱ्हाईक मिळतं. निम्म्याहून जास्त पैसे परत येतील असं मात्र धरू नका.

पोराचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. या पट्ट्यात लोखंडकामाला मान आहे. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर नांगराचा कारखाना उभा केला तो तुमच्यापासून किती लांब आहे? त्याला मंजुरी असलेल्या एखाद्या ट्रॉलीवाल्याकडं दोन-तीन हंगाम कामाला लावा. वेल्डिंग त्याला येतंच. त्यानं तिथं दुसरं शिकावं: नकाशा कसा काढतात, वजन ॲक्सलच्या पुढं किती आणि मागं किती ठेवतात, हूकवर भार कमी पडला तर ट्रॅक्टरची मागची चाकं जागीच का फिरतात आणि जास्त झाला तर पुढचं तोंड का उचलतं. आणि चाचणी संस्थेकडं कागद कसे जातात. पुढं स्वतःच्या नावानं धंदा काढायचा झाला, वर्षाला वीस-पंचवीस ट्रॉल्या बांधून विकायची तयारी असली, तर मॉडेल मंजुरीचा खर्च अंगाला लागतो. तेव्हा त्या यादीत त्याचं नाव येईल. एका ट्रॉलीसाठी ते परवडत नाही, धंद्यासाठी परवडतं.

ट्रॉली कुठलीही घ्या, दोन गोष्टी सांगून ठेवतो, कारण पासिंग झालेल्या ट्रॉल्यांतही त्या दिसत नाहीत. एक, कलम 61 प्रमाणे ट्रॉलीला स्वतःचा नंबर हवाच, शिवाय ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबरही ट्रॉलीवर हवा. दोन ट्रॉल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीवर. दुसरं, रिफ्लेक्टर: मागं लाल, बाजूला पिवळे, पुढं पांढरे. ऊस भरल्यावर वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, खाली लोंबतात आणि मागचे लाल रिफ्लेक्टर झाकून टाकतात, म्हणून भरून झाल्यावर मागं जाऊन बघायचं आणि कोयत्यानं वाढे छाटायचे. कारखान्याकडून मिळणारं चमकणारं कापड फाळक्यावर बांधायचं, सीटखाली घडी करून ठेवायचं नाही.

ता. क. चं उत्तर. गावात म्हणतात ते खरं नाही. ट्रॅक्टरचा परवाना असलेला माणूस ट्रॉली जोडल्यावर अपात्र ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये नागशेट्टी प्रकरणातच सांगितलं. पुढं हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, हे 2017 च्या मुकुंद देवांगण निकालात आलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ते कायम ठेवलं. तेव्हा मुलाच्या परवान्याची मुदत तेवढी बघून घ्या. दुसऱ्यांचा ऊस भाड्यानं ओढणार असाल तर मात्र चालवणाऱ्याच्या परवान्याचा नाही, वाहनाच्या परमिटचा प्रश्न येतो: माल वाहून नेणारा ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून मालवाहू वाहन होतं आणि त्याला परमिट लागतं, असा निकाल 2005 मध्ये लागलेला आहे. कारखान्याच्या करारावर सही करण्याआधी हे आरटीओत विचारून घ्या, आणि विमा काढताना वापर 'शेतीसाठी' लिहिलाय की 'भाड्यासाठी', तो रकाना स्वतः वाचा.